खंडेनवमीचे ब्रेक

आबांची व्हॅन येतेय हे आमच्या घरात सगळ्यांत आधी आईला कळायचं. ती चुलीपुढं बसलेली असायची, पाठ दाराकडे, आणि एकदम म्हणायची, "आले. ताटं घे." मी कान देऊन ऐकायचे, तर समुद्राकडून येणारा वारा आणि शेजारच्या कोंबड्या, याखेरीज काही नाही. मग दोन-चार मिनिटांनी आमच्या वळणावर बारीक, लांबट 'चीं' असा आवाज यायचा आणि मागोमाग पांढरी व्हॅन दारापुढच्या खळ्यात शिरायची. खालच्या वाडीत उतारू उतरवताना लागलेला ब्रेक आईला ऐकू जायचा, मला फक्त दाराशी लागलेला. तो आवाज त्या वर्षी भादव्यात सुरू झाला आणि पंधरा दिवसांत गावानं त्याचं घड्याळ करून टाकलं. बाया म्हणायच्या, चीं झालं, पोरांना दप्तरं द्या. आबांनाही त्याचं उगाच कौतुक. "हॉर्न वाजवायला नको," म्हणायचे. आता माझ्या भाच्याच्या गाडीत समोर तांबडा दिवा लागतो नि गाडी स्वतःच सांगते की बाबा रे, ब्रेक बघून घे. तरी तो बघत नाही ते सोडा. माणसाची जात तीच.

घर आमचं काशीदच्या अलीकडे, समुद्रापासून जरा आत, डोंगराच्या अंगावर. खाली डांबरी रस्ता, वर आम्ही आणि मधे दोन मैलांचा उतार, तीन वळणांचा. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. शेती आबांचीही होती, पण जीव सगळा व्हॅनमध्ये. सकाळी आमच्या आणि खालच्या दोन वाड्यांतली अकरा पोरं खाली डांबरी रस्त्यावरच्या हायस्कुलात सोडायची, दुपारी बाजाराची माणसं मुरूडला न्यायची, आणि शनिवार-रविवारी काशीदला आलेले मुंबईकर फिरवायचे. त्यामुळे त्या व्हॅनला तिचा असा एक वास होता. सुकट, ओली दप्तरं आणि मुंबईकरांचं अत्तर, सगळं एकात एक. आबा रोज संध्याकाळी तिची चाकं गोड्या पाण्यानं धुवायचे. खारा वारा लोखंड खातो, आतून खातो, वरून कळत नाही, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. आई मागच्या दारातून बघत असायची. "माझी पाठ कवा अशी घासून दिली न्हाय," असं एकदा म्हणाली, आणि आबा इतके लाजले की दुसऱ्या दिवशी चाकं न धुताच जेवायला बसले.

आई म्हणजे घरात अशी. घराबाहेर मात्र तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. चार बाया जमल्या की ती पाचवी होऊन मागं उभी राहायची. हळदीकुंकवाला गेली तर नाव घ्यायच्या वेळेला मोरीत जाऊन बसायची. पण हाताला चव अशी की लोक निमित्त काढून यायचे. नवरात्रात तवशी, म्हणजे जून काकड्या, मोठी झाली की ती त्यांची तवसळी करायची, हळदीच्या पानात गुंडाळून, खाली-वर निखारे ठेवून. आजही हळदीचं पान कुठं चुरगळलं गेलं तर मी हातातलं काम सोडून उभी राहते. सून हसते मला. हसू दे.

गाडी मला आबांनी शिकवली ती काशीदच्या वाळूवर. ओहोटी लागली की वाळू डांबरासारखी घट्ट होते आणि तेव्हा तिथं चिटपाखरू नसायचं. आता शनिवारी तिथं उंट काय, घोडे काय, पाय ठेवायला जागा नाही. आबांची शिकवायची तऱ्हा वेगळी. पहिले चार दिवस त्यांनी मला नुसतं थांबायला शिकवलं. ते स्वतः बाहेर उभे राहून वाळूत पायानं रेघ ओढायचे आणि सांगायचे, पुढचं चाक या रेघेवर आण, पलीकडे नको. मी वैतागायचे. म्हटलं, आबा, लोक गाडी चालवायला शिकतात, थांबवायला नाही. तर म्हणाले, "चालवायला कुणी पण शिकवील. पुढं जा." गावातल्या पोरींत पहिलं लायसन्स माझं. आबांनी ते देवाच्या फोटोशेजारी खोचून ठेवलं होतं, आणि चालवायला मात्र देत नव्हते. फार तर खळ्यात पुढं-मागं. वीस-एकवीस वर्षांची होते मी, बारावी होऊन घरी बसलेली, स्थळं येऊन भात-आमटी जेवून जात होती. मला ती व्हॅन हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

तर ब्रेकची गोष्ट. पुढच्या चाकांत लोखंडाची एक थाळी फिरते आणि दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. आबा सांगायचे तसं सांगते. पॅडवर एक खरबरीत थर असतो, तो झिजत जातो. नवा असतो तेव्हा बोटाच्या पेराएवढा, आणि नखाएवढा राहिला की बदलायची वेळ आली. चाकाच्या भोकातून बॅटरी मारून बघता येतं. पॅडला एक पत्र्याची जीभ असते, थर संपत आला की ती थाळीला घासते नि 'चीं' करते. म्हणजे ते पॅडचं बोंबलणं असतं. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर काही दिवसांनी 'खर्रर्र' सुरू होतं, लोखंडावर लोखंड, आणि मग थाळीही गेली. पाय खोल जायला लागला, दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली, तरी समजायचं. एवढं सगळं ज्ञान असलेला माणूस पंधरा दिवस चीं ऐकत फिरत होता, कारण रोज कुठली तरी फेरी असायचीच. उद्या बदलू, परवा बदलू. आणि मग नवरात्रातल्या एका संध्याकाळी चाकं धुवायला निघालेले आबा खळ्यातल्या शेवाळावरून असे घसरले की उजवा हात मनगटापाशी मोडला. अलिबागला नेऊन प्लास्टर घातलं. सहा आठवडे.

भाऊकाका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, शेजारीच राहायचे. ते दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून म्हणाले, "नांदगावचा एक ड्रायवर हाय माझ्या वळकीचा. ठेव त्याला. पोरांची फेरी चुकली तर ती माणसं दुसरी गाडी बघतील, आणि एकदा गेली का परत येत न्हाय." त्यांचं काही चूक नव्हतं. मी दारातून म्हटलं, "मी चालवते." काका हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसं. पण मला ते जास्त लागलं. आबा प्लास्टरकडे बघत म्हणाले, "रेखे, ब्रेक बदलता येतील तुला? मी सांगेन, हात तुझे. दसऱ्याला गाडी नीट उतार उतरली, तर हात बरा हुईस्तवर फेरी तुझी. न्हाय तर भाऊचा माणूस." काका म्हणाले, "चालेल की." त्यांना वाटलं असणार, पोरीला नट तरी हलतोय का बघू. त्या रात्री मला झोप म्हणून आली नाही.

मुरूडला गफूरभाईंच्या दुकानातून मी पॅडचा खोका आणला. गफूरभाई आबांचे जुने दोस्त, पान खाऊन बोलायचे. त्यांनी खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बेटी, दोन्ही चाकांचे बदलायचे, एकाचे नाही. और एक बात, या बाजूला हात लावायचा नाही." असं म्हणून त्यांनी खरबरीत बाजू दाखवली. "हे याचं तोंड. हाताचा घाम पण नको." मी तो खोका घरी आणून फडताळात ठेवला आणि आईला म्हटलं, याला कुणी हात लावू नका, हे ब्रेक आहेत. एवढंच म्हटलं. का लावायचा नाही ते सांगितलं नाही. आज वाटतं, दोन वाक्यं जास्त बोलले असते तर माझं काय गेलं असतं? पण मी तेव्हा स्वतःवर इतकी खूश होते की कुणाला काही समजावून सांगायला मला वेळच नव्हता.

खंडेनवमीला आबांचा हात दाखवायला मी त्यांना घेऊन अलिबागला गेले, बसनं. आई घरी एकटी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडतात, कोयता, विळे, नांगराचा फाळ, विळी. त्याला तेलाचा हात द्यायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि दिवसभर त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. आम्ही दिवेलागणीला परत आलो तर ओसरीवर सगळं मांडलेलं होतं. नटबोल्टचे पाने, जॅक, अगदी व्हॅनची चावीसुद्धा कुंकू लावून ठेवलेली. आबांना फार बरं वाटलं. "अगो, जॅकची पण केलीस?" म्हणाले. आई म्हणाली, "त्यो काय कमी राबतो व्हय?"

दसऱ्याच्या सकाळी घावन आणि नारळाचं दूध खाऊन आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी. आबा ओट्यावर खुर्ची टाकून, प्लास्टरचा हात मांडीवर, आणि डाव्या हातात विडी. "गाडी सपाटीला हाय का? मागच्या चाकांना दगड लाव. हँडब्रेक वड. नट गाडी उचलायच्या आधी ढिलं कर, उचलल्यावर चाक फिरतं मग काय करशील?" मी पान्यावर उभी राहून, अक्षरशः दोन्ही पायांनी उभी राहून, नट ढिले केले. जॅक लावला, चाक काढलं, ते चाकच गाडीखाली सरकवलं, जॅक सटकलाच तर गाडी अंगावर येऊ नये म्हणून. पॅडना धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि जुने पॅड बाहेर आले. नखाएवढा थर, तोही नाही एका बाजूला. आबांना नेऊन दाखवले तर बराच वेळ ते बघत राहिले. "यावर अकरा पोरं नेत होतो मी," एवढंच म्हणाले.

मग थाळी नख फिरवून बघितली, चर पडलेत का. पडले नव्हते. खाऱ्या वाऱ्यानं कडेला गंजली होती तेवढी घासून काढली. पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर आलेला असतो, तो मागं दाबावा लागतो, नाहीतर नवे जाड पॅड बसतच नाहीत. जुना पॅड मधे धरून मी तो पान्यानं हळूहळू दाबला, आणि आबा वरून सांगत होते, ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष ठेव, दाबलं की ते वर चढतं नि सांडतं, रंगावर सांडलं तर रंग जाईल. ग्रीस लावायचं ते फक्त कॅलिपर सरकतो त्या पिनांना, किंचित. पॅडच्या तोंडापाशी ग्रीसचं बोट न्यायचं नाही. हे त्यांनी पाच वेळा तरी सांगितलं. मी खोक्यातून नवे पॅड काढले तेव्हा त्यांच्या मधल्या खाचेत किंचित तांबूस दिसलं. मला वाटलं, कारखान्याचा रंग असेल. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरं चाक उघडायचं नाही, म्हणजे विसरलं तर बघायला नमुना राहतो, तेही पाळलं. शेवटी आत बसून ब्रेक दाबत राहिले. पहिल्यांदा पाय थेट खाली जातो, मग दहा-बारा वेळा दाबल्यावर कडक होतो. तो कडक झाला तेव्हा मी आबांकडे बघितलं आणि ते ओट्यावर हसत होते. काका त्यांच्या अंगणातून बघत होते. तेही हसत होते, पण आता वेगळं. माझी छाती केवढी फुगली काय सांगू.

खळ्यात फिरवून बघितली. थांबत होती. जरा मऊ वाटलं, पण नवे पॅड थाळीला बसायला थोडं चालावं लागतं, असं आबांनीच सांगितलेलं. दुपारी झेंडूचा हार घालून व्हॅन निघाली. शेजारी काका, मागं आबा आणि आई. खाली रस्त्याकडेला देवीचं देऊळ आहे, तिथं दसऱ्याला तिन्ही वाड्यांची माणसं जमतात, आपट्याची पानं द्यायला. म्हणजे जी माणसं मला पोरं देणार होती ती सगळी खाली उभी. पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या, शेवटच्या वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि गाडी मंदावली नाही. पाय खाली जात नव्हता, कडकच होता, आणि तरी गाडी चाललीच होती. मी आणखी दाबला, सीटवरून उठून दाबला. आबा मागून म्हणाले, "पयला गिअर." आवाज अगदी शांत. मी पहिला टाकला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक ओढला, आणि तरी देवळापुढची माणसं जवळ येत होती. मग मी व्हॅन डावीकडे, खाचराच्या बांधावर घातली. बांध फुटला, पुढची चाकं चिखलात गेली, आणि ती थांबली. पिकलेलं भात होतं, कापणीला आलेलं, ते आडवं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आई मागं बसून होती, मांडीवरची आपट्याची पानं सगळी खाली पडलेली.

माणसांनी धावत येऊन व्हॅन ढकलून काढली. बैल लावून वर आणली. वर येईपर्यंत गावभर झालंच होतं की पोरीनं ब्रेक उलटे बसवले. मी कुणाशी न बोलता चाक उघडलं. कॅलिपर उचलला आणि वास आला. तापलेल्या तव्यावर खोबरेल सांडलं तर येतो तो वास. पॅड नाकाशी नेला. खाचेतलं ते तांबूस आता विरघळून तोंडावर पसरलं होतं. कुंकू. मला सगळं एकदम कळलं. आबांनी डाव्या हातानं पॅड माझ्याकडून घेतला, हुंगला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आई तिथं उभी होती. "काय मोडलं का?" तिनं विचारलं. काका माझ्या मागं उभे होते, आणखी चार माणसं खळ्यात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "माझ्या हाताचं ग्रीस लागलं पॅडला. माझं चुकलं."

मी काही मोठी त्यागाची पुतळी नव्हते. खरं सांगते, म्हणताना मला आईचा राग आला होता, भयंकर राग. पण एवढ्या माणसांत तिचं नाव घ्यायचं, जिला चार बायांत बोलता येत नाही तिच्याकडे बोट दाखवायचं, ते जमेना. काका म्हणाले, "जाऊ दे पोरी, व्हतं असं." आणि आबांना म्हणाले, "बोलावतो मग नांदगाववाल्याला." आबा म्हणाले, "दोन दिवस थांब. नवं घालून रेखा एक फेरी करील. पोरं बसली तर बसली. एक पण बसलं न्हाय तर दुसऱ्या दिवसापासून तुझा माणूस." सगळे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "ग्रीस म्हणालीस?" मी म्हटलं, "होय." ते म्हणाले, "बरं." आणि ते पॅड त्यांनी कुदळीनं खड्डा करून आवळीखाली पुरले, डाव्या हातानं, मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेला चालत गेली आणि मी बसनं मुरूडला. गफूरभाईंनी काही विचारलं नाही. पॉलिशपेपर दिला, म्हणाले, थाळीला तेल चढलं असेल, पेट्रोलनं धू, मग यानं घास. मी सगळं पुन्हा केलं. कालची मजा त्यात नव्हती, नुसतं काम होतं. पॅड खोक्यातून काढायच्या आधी साबणानं हात धुतले, तेव्हा आई मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "हात कशाला धुतेस? मळायचेच हायत."

"तेलाचा हात लागला तर ब्रेक धरत नाही," मी म्हटलं. तिच्याकडे न बघता म्हटलं.

तिनं फडताळाकडे बघितलं. मग म्हणाली, "पुसलं हुतं गो मी. कोरड्या फडक्यानं चांगलं पुसलं हुतं." मी हातांवर पाणी घेत राहिले. "कोयत्याला तेल लावतो, विळ्याला लावतो. ज्याच्यावर माझी लेक उतार उतरणार, त्येलाच कोरडं कसं ठेवू? म्हणून खोक्यातून काढून पूजा केली. तुला कळू नये म्हणून परत ठेवलं." आणि मग, "मग तू ग्रीस का म्हणालीस?"

"माणसं होती ना आई."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडेल, पण नाही रडली. आत गेली आणि भांडी घासायला बसली, घासलेलीच भांडी. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. आपल्यावर एवढी माया करणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. दुपारी आबा शेजारी बसले, मागं तांदळाच्या गोण्या नि दगड भरले, आणि आम्ही तो उतार तीनदा उतरलो. हलके हलके दाब द्यायचे, मधे थाळी थंड होऊ द्यायची, पुन्हा दाबायचं. तिसऱ्या वेळेला आबांनी वळणावरच सांगितलं, थांबव. व्हॅन जागच्या जागी थांबली. पण गोण्यांना काय, त्या बसतात कुणाच्याही गाडीत.

फेरीच्या दिवशी सकाळी मी चावी घेऊन खळ्यात आले तर पुढच्या सीटवर आई बसलेली. हिरवं इरकल नेसून, डोक्यावर पदर, दाराच्या वरची दांडी दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं, तू कुठं? "चल," ती म्हणाली. आबा ओट्यावर उभे होते. त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

आमच्या वाडीच्या थांब्यावर चार पोरं होती आणि त्यांच्या आया. पोरांचे हात आयांनी धरलेले. मी दार उघडलं, कुणी हललं नाही. तेव्हा आई खाली उतरली. बायांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि पहिल्यांदा तिच्या तोंडातून आवाजच आला नाही. खाकरली. मग म्हणाली, "तेल मी लावलं हुतं. ब्रेकाला. खंडेनवमीच्या पूजेला. पोरीनं बरोबर बसवलं हुतं सगळं." एवढं बोलून तिनं पदर घट्ट ओढून घेतला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यातली एक, शेवंताबाई, जी कुणाचं ऐकून घेत नसे, ती फसकन हसली. "अगो, माझ्या सासूनं शिलाई मशिनीला असंच तेल पाजलं हुतं, दिसंल त्या भोकातून. सा महिनं कापडावर डाग." सगळ्या हसल्या. शेवंताबाईनं आपल्या पोराला पाठीत धपाटा घातला, "बस, बघतोस काय." मागोमाग तिघं चढली.

पुढच्या थांब्यावर आई मी गाडी थांबवायच्या आत दार उघडत होती. तिथं दोन बापई माणसंही होती, तरी बोलली. तिसऱ्या थांब्यावर तर हातवारे करून, वास कसा आला, बांध कसा फुटला, सगळं. एका म्हातारीनं विचारलं, कुठलं तेल, तर म्हणाली, "घाण्याचं खोबरेल, चांगलं, डोक्याला लावतो ते." अकराच्या अकरा पोरं बसली. मी समोर रस्ता बघत होते, कारण डोळे भरून आले होते आणि उतार चालू होता.

शाळेपाशी पोरं उतरून गेली. आईही उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तू जा पुढं. मी येते चालत."

"आई, दोन मैल चढ आहे."

"असू दे. पाय मोकळं हुतील."

तेव्हा मी तिच्या हातांकडे बघितलं. दांडी धरून धरून तळव्यांवर लाल वळ उठले होते आणि बोटं अजून पुरती उघडत नव्हती. थांब्यावर उतरून माणसांना तोंड देणारी ती, मधला सगळा उतार डोळे मिटून बसली होती. मागं बसलेल्या पोरांनी मला नंतर सांगितलं. ती पुढं चालायला लागली आणि मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागं मागं. रस्त्यानं जाणारे बघत होते. पहिल्या वळणापाशी ती दमली, थांबली, व्हॅनला हात टेकून उभी राहिली आणि मग दार उघडून आत बसली.

"चढाला बसते," म्हणाली. "उताराचं उद्या बघू."

"उद्या कशाला येतेस? बसली की पोरं."

"बसली खरी," ती म्हणाली. "पण त्यांच्या आया बघतायत न्हाय का अजून."

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज सकाळी आली ती, हिरवं इरकल नेसून, उताराला डोळे मिटून.